वैद्यबुवांची जीभ

दारात माणूस आला की आमचे घरमालक त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातातल्या पिशवीकडे बघत. पिशवीत तोंडात घालण्यासारखं काही असलं की त्यात बोट घालायचं, ते जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि मग 'या' नाहीतर 'चला' म्हणायचं. आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा माझ्या हातात नव्या संसाराचा किराणा होता. भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला आणि वैद्यबुवा माझ्या पुड्या सोडत बसले. हळदीची चिमूट जिभेवर ठेवली, लगेच थुंकली आणि म्हणाले, "यात पीठ आहे." मग हिंगाचा खडा बराच वेळ चघळला आणि आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "हिंग खरा आहे. राहा."

अशा रीतीनं एका हिंगाच्या खड्यावर मला सोलापुरात घर मिळालं. आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून, स्वभावानं थट्टेखोर. सामान लावताना म्हणाले, "दार नीट लावून घेत जा. हा गृहस्थ एक दिवस आपल्यालाही चाटून बघेल."

सकाळी आमच्या गल्लीला दोन गोष्टी जागं करत. एक गिरणीचा भोंगा, दुसरं वैद्यबुवांचं जीभ खरवडणं. तांब्याची पट्टी घेऊन ते मोरीवर बसत आणि असा आवाज काढत की समोरच्या पद्मशाळ्यांच्या घरातले माग तेवढ्यापुरते थांबत. चहा नाही, पान नाही, तपकीर नाही. सोलापुरात राहून शेंगांच्या चटणीला हात न लावणारा माणूस मी तो एकच बघितला. "तिखट खाणाऱ्या वैद्यानं भजी तळावीत," असं म्हणत. आमटी पाण्यासारखी, भाकरी आणि वर दूध. एवढा सगळा छळ त्या जिभेसाठी. डोळा फसतो, नाक सर्दीनं बंद पडतं, पण जीभ खोटं बोलत नाही, हे त्यांचं वाक्य आम्ही दिवसातून इतक्यांदा ऐकायचो की आमचे हे ते जेवताना म्हणून दाखवायचे.

पण खरं सांगते, त्या जिभेपुढं भलेभले नरमत. वळसंगचा एक धनगर त्यांना गुळवेल आणून द्यायचा. वैद्यबुवांना ती कडुनिंबावर चढलेलीच लागायची. एकदा त्यानं टाकलेला भारा त्यांनी चघळला आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवला. "ही बाभळीवरची."

"आवो, बाभळीवर चढली म्हून काय ती बाटली का?" धनगर म्हणाला. "यल तीच, पानं तीच. लिंबाच्या झाडावर हितं कुटं रोज रोज गावतीया?"

"संगत बदलली की गुण बदलतो की रे. तुझी मेंढरं लांडग्याबरोबर हिंडायला लागली तर ती मेंढरं राहतील का?"

"न्हाय ऱ्हानार. पर बाभळ कवापास्नं लांडगा झाली वो," असं पुटपुटत तो गेला, आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्यानं निंबावरची घेऊन आला.

एका व्यापाऱ्यानं केशर म्हणून आणलेली डबी तर त्यांनी त्याच्यासमोर रस्त्यावर पालथी केली. "ही करडईची फुलं. आमच्या रानात गाढवं खातात." तो व्यापारी मोठा माणूस होता, त्यानं गावभर बोभाटा केला. वैद्यबुवांचे निम्मे बडे रोगी तुटले. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. दिवाळीला सगळे घरं झाडायचे तेव्हा हे जुनी चूर्णं परसात खड्डा खणून पुरायचे. "जुनं चूर्ण म्हणजे माती, मातीत घाला." काकू दारात उभ्या राहून बघत. उन्हाळाभर खलात कुटून त्यांचेच हात सोलवटलेले असायचे.

काकू म्हणजे त्यांची बायको. माहेर मैंदर्गीचं, घरात कानडी बोलणारं. त्या रागावल्या की कानडीत रागावायच्या आणि वैद्यबुवा मराठीत उत्तर द्यायचे. मूलबाळ नव्हतं. माझी सासू आम्हाला गावाकडून वर्षातून एकदा भेटायला यायची, बाकी वर्षभर सासू, आई आणि मैत्रीण काकूच. माझं पहिलं बाळंतपण त्यांनीच निस्तरलं. मी त्यांना कधी आडून बोलले नाही, त्याही मला नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्यापासूनही बरेच दिवस लपवली होती.

वैद्यबुवांची सगळ्यात नावाजलेली गोळी तापाची. भाद्रपदात पेठेत ताप सुरू झाला की ओट्यावर रांग लागे. त्या गोळीत बचनाग असतो. काळी, लहानशी मुळी, कोकराच्या शिंगासारखी. कच्चा बचनाग म्हणजे उघड विष. त्याच्या चकत्या करून गोमूत्रात घालायच्या, उन्हात ठेवायच्या, रोज गोमूत्र बदलायचं, मग दुधात शिजवायच्या. आणि तो शुद्ध झाला की नाही, हे कशावरून ओळखायचं? जिभेवरून. कण जिभेवर ठेवायचा. मुंग्या आल्या, बधिर वाटलं, की अजून कच्चा. काहीच वाटलं नाही की शुद्ध. वैद्यबुवा चकती जिभेवर धरून डोळे मिटून उभे राहत, आणि अख्खं घर श्वास रोखून धरे. मग ते मान हलवत. "गप्प आहे. घ्या वाटायला."

त्या मुळ्या त्यांनी उमेदीच्या वयापासून अशा जिभेवर धरल्या होत्या. आणि फक्त त्याच नाहीत. बिब्बा, कुचला, जे जे जहाल ते ते आधी त्यांच्या जिभेवर. दुसऱ्या कुणाला चाखू देत नसत. "विष ओळखायचं काम घरच्या कर्त्यानं करायचं," म्हणत.

मग एक दिवस वैद्यबुवांनी जेवताना चटणी मागितली. मी काकूंकडं चटणीची वाटी द्यायला गेले होते, हातातली वाटी तशीच राहिली. शेंगांची, लालभडक, आमच्या ह्यांच्यासाठी कुटलेली. त्यांनी भाकरीवर गोळाभर घेतली आणि दूधभात खावा तशी खाल्ली. मी हसले, म्हटलं, "वैद्यबुवा, आता भजी तळायला बसा." ते पण हसले. काकू हसल्या नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारची मी परसात गेले, तर काकू पाठमोऱ्या उभ्या. वैद्यबुवांनी सकाळीच 'गप्प आहे' म्हणून पास केलेल्या चकत्या समोर. काकूंनी एक उचलली, जिभेला लावली, झटक्यात थुंकली आणि पदरानं जीभ पुसत राहिल्या. मग सगळ्या चकत्या परत गोमूत्राच्या मडक्यात टाकल्या. मागं वळल्या तर मी.

"अय्यो," म्हणाल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या.

"काकू, हे काय?"

"त्यांची जीभ गेली गं. कवाच गेली. आमटीत मीठ घालायचं इसरले तर हू का चू न्हाय की. मुद्दाम दोनदा घातलं, तरी न्हाय. कच्च्या बचनागाला 'गप्प' म्हणत्यात. मग मी परत भिजवते. इचारलं तर म्हणते, वाळायचं ऱ्हायलंय."

"मग सांगा की त्यांना."

"काय सांगू?" काकू माझ्याकडं असं बघत होत्या की मलाच लाज वाटली. "हात मोडला तर लोकं बांधून देत्यात. ह्यांच्यापाशी त्या जिभेबिगर हाय काय? त्याच्यापायी ह्यांनी जन्मात गोड-तिखट खाल्लं न्हाय. सांगितलं तर माणूस जाईल. चालू दे. माझी जीभ हाय की अजून."

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. आणि खरोखरच चालत राहिलं. वैद्यबुवा डोळे मिटून 'गप्प' म्हणायचे, काकू मागून चाखून पुन्हा भिजवायच्या, गोळ्या उत्तम व्हायच्या, आणि गावात त्यांच्या जिभेचं नाव होतं तसंच राहिलं. मला कधी कधी हसू यायचं. आता येत नाही.

त्या वर्षी भाद्रपदात ताप फार आला. पेठेतल्या प्रत्येक घरात कुणीतरी आडवं. गोळ्या हां हां म्हणता संपल्या. आणि नेमक्या काकू अंथरुणाला खिळल्या. वैद्यबुवांनी नवी खेप घाईनं एकट्यानंच केली. चकत्या काढल्या, जिभेवर धरल्या, 'गप्प' म्हणाले, खलल्या, गोळ्या वळून सुपात वाळत घातल्या. ओट्यावर माणसं बसलेली, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाची बायको कण्हतेय. वैद्यबुवांनी सगळ्यांना बसवून ठेवलं आणि पहिली गोळी आल्याच्या रसात, मधात उगाळून काकूंना चाटवली. "आधी घरची लक्ष्मी," म्हणाले. तोंडभर हसले आणि हात धुवायला गेले.

मी उशाशी होते. काकूंनी डोळे मोठे केले. चाटण तोंडात तसंच धरलं, वैद्यबुवांची पाठ वळताच पदरात थुंकलं आणि माझं मनगट पकडलं. हात तव्यासारखा तापलेला.

"कच्चा हाय," म्हणाल्या. "पोरी, ती सुपातली एक गोळी भाईर जाऊ देऊ नगस. पण त्यांना कळू देऊ नगस."

सांगा, मी काय करायचं होतं? ओट्यावर माणसं हात पसरून बसलेली आणि वैद्यबुवा हात पुसत सुपाकडं निघालेले. मांजर तोंड लावून गेली म्हणावं, तर मांजर कुठली? मी धावले, त्यांच्या आधी पडवीत पोचले आणि दोन्ही हात सुपात खुपसले. मग मोठ्यांदा म्हटलं, "अगंबाई! मी बाहेरची झालेय की! विसरलेच!"

ज्यांना त्या काळचं सोवळंओवळं ठाऊक नाही त्यांना याचा अर्थ कळायचा नाही. महिन्याची अडचण असलेल्या बाईची सावली औषधावर पडलेली वैद्यबुवांना चालत नसे, आणि मी तर कोपरापर्यंत हात घातलेले. सगळी खेप बाद. वैद्यबुवांचा चेहरा पांढरा पडला. मला ते कधी टाकून बोलले नव्हते, त्या दिवशी सगळ्या पेठेसमोर बोलले. सूप उचललं आणि थेट खड्ड्यात. ओट्यावरची माणसं शिव्या देत उठली. एक म्हातारी म्हणाली, "हिच्या पोटात कुणाच्या लेकरांची कळ न्हाय." मी खाली मान घालून उभी. एकाही गोळीनं एकही माणूस मेला नाही, हे मला माहीत होतं आणि काकूंना माहीत होतं.

संध्याकाळी आमचे हे घरी आले, ऐकून चक्रावले. "अगं, पण आठवड्यापूर्वीच तर तू..." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

पण एकदा 'बाहेरची' म्हटलं की बाहेर बसावं लागतं. मला मागच्या खोपटात बसायला लागलं. मधे एक भिंत आणि भिंतीपलीकडं काकू. कपाळावरची पट्टी बदलायला माणूस नाही. शेजारच्या बायका येऊन डोकावत, वैद्यबुवा काढे करून पाजत, पण जिच्यानं ताप उतरेल ती गोळी नाही. त्यांनी नवा बचनाग भिजत घातला होता, तो व्हायला दिवस लागणार. आमच्या ह्यांनी गिरणीच्या दवाखान्यातला डॉक्टर आणला, तर काकूंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "बेड," म्हणाल्या. म्हणजे नको. "वैद्याच्या बायकोनं डॉक्टरची बाटली पिली म्हंजे त्यांच्या ओट्यावर कोण येईल?"

मी खोपटातून ओरडले, "काकू, घ्या हो! माझं ऐका!"

थोड्या वेळानं भिंतीतून आवाज आला, फार बारीक. "भाईर बसलीस न्हवं का? शाणी गं पोरी माझी. त्यांच्या जेवनाकडं बघ."

मला काकूंनी स्वतःहून सांगितलेलं ते शेवटचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मी ओलेत्यानं आत गेले तेव्हा मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. त्या कानडीत आईशी बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

काकूंचे तेरा दिवस झाले. मग वैद्यबुवा लोकांसमोर, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "गोळी तयार होती. शिवाशिवीनं माझं माणूस खाल्लं." माझ्या हातचं पाणीही घेईनात. आमचे हे म्हणाले, चल, दुसरी खोली बघू. मी म्हटलं, नाही. कारण परसात मडक्यात बचनाग भिजत होता. वैद्यबुवांनी चकत्या काढून जिभेवर धरल्या होत्या. "गप्प आहे," असं म्हणालेले मी ऐकलं होतं. आणि आता मागून चाखायला कुणी नव्हतं. ओट्यावर पुन्हा माणसं जमायला लागली होती, पोरं मांडीवर घेऊन.

वचन काकूंना दिलेलं, आणि काकू नाहीत. मी दुधाचा पेला भरला, त्यात मीठ घातलं, चांगलं चमचाभर, ढवळलं आणि आमच्या ह्यांच्या हाती पाठवला. स्वतः उंबऱ्याशी उभी राहिले. वैद्यबुवांनी पेला तोंडाला लावला. सगळा प्याले. मिशा पुसल्या.

"साखर जरा पुढं झाली," म्हणाले.

 मी म्हटलं, "वैद्यबुवा, त्यात साखर नव्हती. मीठ होतं."

"खोटं बोलतेस."

मी स्वयंपाकघरातून दोन्ही डबे आणले. त्यांनी डोळे मिटले, माझ्यापुढं जीभ काढली. ती जीभ मी तेव्हा प्रथमच नीट बघितली. गुळगुळीत, फिकी. मी मीठ ठेवलं. "साखर," म्हणाले. पुन्हा मीठ ठेवलं. या वेळी थांबले, आणि विचार करून म्हणाले, "मीठ." मग साखर ठेवली. "मीठ," म्हणाले.  उठले, फडताळातून न शिजवलेली काळी मुळी काढली आणि जिभेवर धरली. मी आणि आमच्या ह्यांनी त्यांचा हात धरला, मुळी ओढून काढली. ते तोंड उघडं ठेवून उभेच राहिले, मुंग्या येण्याची वाट बघत. आमच्या ह्यांनी चुळा भरायला लावल्या तेव्हा पोरासारख्या भरल्या.

मग मी सगळं सांगितलं. आमटी, चकत्या, मडकं, सूप. मी बाहेरची नव्हते, हेही.

ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "जीभ खोटं बोलली नाही. ती नुसती गप्प बसली. आणि मी आयुष्यभर गप्प बसण्यालाच शुद्ध म्हणत आलो." बाहेर कुणीतरी ताप आहे, गोळी द्या, म्हणून हाक मारत होतं. आमच्या ह्यांनी जाऊन सांगितलं की वैद्यबुवा आता औषध देत नाहीत.

"मुली," ते म्हणाले. एरवी मला 'कारकूनबाई' म्हणायचे. "मी चाटवलं ते तिनं गिळलं, का थुंकलं?"

त्या माणसाला काय उत्तर हवं होतं, मला आजही सांगता यायचं नाही. गिळलं म्हटलं तर त्यांनी तिला मारलं. थुंकलं म्हटलं तर त्यांच्या हातच्या औषधावर विश्वास न ठेवता ती गेली. मी खरं तेच सांगितलं. "थुंकलं."

त्यांनी मान हलवली, चकती जिभेवर धरून हलवायचे तशीच. "माझ्या हातचं तिनं कधी काही नाकारलं नव्हतं," म्हणाले. "एवढं एकच नाकारलं, ते खरंच कच्चं होतं. आणि दुसरं द्यायला माझ्याकडं काही नव्हतं." मग ते रडले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं बघू नये. मी उंबऱ्यात बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खल, मडकी, मुळ्या, सगळं परसातल्या खड्ड्यात घातलं. कुणी फार गळ घातली तर म्हणत, "वैद्य गेला. भाद्रपदात गेला." पुढं काही वर्षं जगले. जेवायला आमच्याकडं असत. जीभ खरवडायचं त्यांनी सोडलं, आणि सकाळी आमच्या गल्लीत नुसता भोंगा राहिला. जेवताना मात्र पहिला घास घेतला की रोज विचारत, "मीठ आहे ना गं?"

मी म्हणे, "आहे."

एकदा पोरगं तापलेलं होतं, त्या गडबडीत आमटीत मीठ घालायचं राहूनच गेलं. आमच्या ह्यांनी पहिला घास घेऊन माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात वैद्यबुवांनी विचारलं, "मीठ आहे ना गं?"

"आहे," मी म्हटलं.

"बेताचं पडलंय," ते म्हणाले आणि ताट पुसून जेवले. आमचे हेही खाली मान घालून तशीच आमटी जेवले.